पार्किंगचा उतार

कुवेतमध्ये उतार नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. ज्याला स्कीइंग शिकायचं आहे त्याच्या दृष्टीने ही त्या देशाची मुख्य अडचण आहे, इतकंच. आम्ही मंगफला राहायचो, समुद्रापासून थोडं आत. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून दक्षिणेला मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीच्या ज्वाळा दिसायच्या, पूर्वेला समुद्र, आणि पश्चिमेला जे दिसायचं ते थेट क्षितिजापर्यंत पोळपाटासारखं सपाट होतं. पुढे मी कितीतरी हिवाळे बर्फावरच्या शर्यतींत काढले. ऑस्ट्रियातल्या, इटलीतल्या अशा गावांत राहिले जिथे पाव आणायलासुद्धा चढण चढावी लागते. तिथे भेटणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारायचाच, की तू शिकलीस कुठे. मी खरं तेच सांगायचे: पार्किंगमध्ये. लोक हसायचे. त्यांना वाटायचं, मी विषय टाळते आहे.

बाबा मूळचे नाशिकचे, रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. दाब, तापमान, पातळी दाखवणारी यंत्रं खरं बोलताहेत की नाही हे बघणं, हे त्यांचं काम. त्यामुळे असेल, पण घरातही कोणी काही सांगितलं की ते लगेच हो किंवा नाही म्हणत नसत. ऐकून घ्यायचे, चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "बघू." आईला या शब्दाचा राग यायचा. तिचा स्वभाव उलटा होता. तिचं हो आणि नाही दोन्ही समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तयार असायचं. ती घरी मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची. दुपारभर आमच्या हॉलमध्ये केरळी, गोव्याची, पंजाबी, मराठी अशी सगळी पोरं सतरंजीवर बसून आकडेमोड करायची आणि आई स्वयंपाकघरातून भाजी चिरत चिरत उत्तरं तपासायची. शिफ्टची बस यायच्या वेळेला बाबांचा डबा भरून ओट्यावर असायचा. एसीची घरघर वर्षातले बहुतेक महिने चालू असायची, इतकी की डिसेंबरात ती बंद झाली म्हणजे घरात कोणीतरी आजारी असल्यासारखं शांत वाटायचं. मग आजूबाजूच्या मशिदींमधल्या अजाना एकामागोमाग एक, थोड्या थोड्या अंतराने, स्पष्ट ऐकू यायच्या. कोपऱ्यावरच्या इराणी भट्टीतून गरम खुबूस आणणं हे माझं काम होतं. ती मोठी भाकरीसारखी रोटी कागदात गुंडाळून छातीशी धरून आणायची, आणि आई तिच्याबरोबर पिठलं करायची. आजही कुठे पिठलं समोर आलं की माझा हात भाकरीऐवजी खुबूस शोधतो. नाशिकच्या नातेवाइकांना हे पटत नाही.

स्केट्स खरं म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, केतकीताईचे होते. एका रांगेत चार चाकं असलेले, जांभळे. ताईला ते वाढदिवसाला मिळाले, तिने ते दोनदा घातले आणि अभ्यासाला लागली. मी ते मोज्यांच्या दोन जोड्या चढवून वापरायला लागले. समुद्राकाठच्या फरसबंद रस्त्यावर शुक्रवारी सकाळी एक लेबनीज बाई मुलांना स्केटिंग शिकवायच्या. त्यांचं नाव रीमा, आम्ही मिस रीमा म्हणायचो. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या कुवेतला आल्या होत्या. लहानपणी बैरूतच्या वरच्या डोंगरात त्या स्कीच्या शर्यती धावल्या होत्या. मग लग्न झालं, मुलं झाली आणि त्या येऊन पडल्या या सपाट वाळूत. त्या इंग्रजीत बोलायच्या, घाईत असल्या की अरबीत, आणि रागावल्या की फ्रेंचमध्ये. मी फ्रेंच त्यांच्याकडून शिकले म्हणायला हरकत नाही.

एकदा त्यांनी प्लास्टिकचे पेले रांगेने मांडून आम्हाला त्यांच्यामधून नागमोडी जायला सांगितलं. बाकीची मुलं पेल्यांभोवती वळत होती. मी कशी गेले ते मला आठवत नाही, पण टोकाला पोचले तेव्हा मिस रीमा कमरेवर हात ठेवून माझ्या पायांकडे बघत होत्या. "पुन्हा जा," त्या म्हणाल्या. मी गेले. "पुन्हा." मी पुन्हा गेले. मग त्या बाकावर बसलेल्या आईकडे गेल्या आणि म्हणाल्या, "तुमची मुलगी चाकं घासत नाही. ती कडेवर उभी राहून वळते. हे शिकवायला मला वर्षं लागतात." आईला यातलं काही कळलं नाही, पण कौतुक आहे एवढं कळलं. ती लगेच म्हणाली, "मग शिकवा की तिला पुढचं."

पुढचं शिकायचं तर उतार हवा. मिस रीमांनी शोधून काढला तो फहाहीलमधल्या एका जुन्या बाजाराच्या इमारतीत: मजल्यामजल्यांचं पार्किंग, आणि वरच्या दोन मजल्यांना जोडणारा सरळ, लांब उतार. शुक्रवारी सकाळी बाजार बंद असायचा. इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, एक इजिप्शियन गृहस्थ होता. बाबा स्वतः त्याच्याशी बोलायला गेले. त्यांचं अरबी कामापुरतं आणि त्याचं इंग्रजी तेवढंही नाही, त्यामुळे बोलणं पुष्कळ वेळ चाललं आणि शेवटी दोघं चहा पिऊन आले. मुलीने पडायचं नाही, या अटीवर परवानगी मिळाली. मी पहिल्याच शुक्रवारी पडले. त्याने तोंड फिरवलं आणि काही न बघितल्यासारखं खाली निघून गेला.

शर्यतीत ज्या खांबांमधून वळत जायचं असतं त्यांना गेट म्हणतात. आमची गेटं शुवैखला तयार झाली. तिथल्या गॅरेजांच्या गर्दीत कासिमभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. ते दापोलीकडचे; बाबांची त्यांची ओळख गाडीच्या सायलेन्सरवरून झाली होती आणि मग सणावारी एकमेकांकडे डबे जाण्यापर्यंत वाढली होती. बाबांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: खाली जड बूड, वर वाकणारा पाइप. कासिमभाईंनी चित्र उलटसुलट फिरवून बघितलं.

"साहेब, हे शेतात लावायचंय काय?"

"नाही, पार्किंगमध्ये. मुलगी याच्यामधून जाणार. धक्का लागला तर पाइप वाकला पाहिजे."

"आणि तुमची पोर?"

"ती नाही वाकली पाहिजे."

कासिमभाई हसले आणि म्हणाले, "मग वर सगळं प्लास्टिकच ठेवतो. लोखंड नाय लागणार तिला." त्यांनी केलेली ती गेटं मी शिकत होते तोवर टिकली. उताराच्या पायथ्याशी मात्र भिंत होती, आणि तिच्यावर उपाय म्हणून बाबा आमच्या पाहुण्यांच्या दोन गाद्या गाडीच्या टपावर बांधून आणायचे. शेवटचं गेट संपलं की मी सरळ गाद्यांत जायचे. एका बाजूने बाबा गादी धरून उभे, दुसऱ्या बाजूने ताई पुस्तक वाचत. "Slow down a bit, yaar," ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणायची. आम्ही दोघी बहिणी तेव्हा एकमेकींशी इंग्रजीतच बोलायचो. आईशी मराठीत, आणि बाबांशी ज्या भाषेत कमी बोलावं लागेल त्या भाषेत.

अशी दोन-तीन वर्षं गेली. ताई इंजिनिअरिंगला पुण्याला गेली, गादीच्या तिच्या बाजूला आई उभी राहायला लागली. मी अकरावीत होते तेव्हा मिस रीमांनी घरी येऊन सांगितलं, की हिवाळ्याच्या सुट्टीत हिला माझ्या भावाकडे पाठवा. त्यांचा भाऊ एली बैरूतच्या वरच्या त्याच डोंगरात मुलांना शर्यतीसाठी तयार करायचा. एकदा तरी बर्फ बघू दे हिला.

बाबांनी चष्मा पुसला. मला वाटलं आता "बघू" येणार. पण ते म्हणाले, "ही एक सुट्टी. जाऊन ये, हौस करून घे. आल्यावर बारावी, मग ताईसारखं इंजिनिअरिंग. मान्य?" मी मान्य म्हणाले. त्या वेळी मी बर्फ बघण्यासाठी कशालाही मान्य म्हणाले असते. बाबांचंही चूक नव्हतं. खेळावर जगणारं कोणी त्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि कुवेतमध्ये आमच्यासारख्यांचं सगळं नोकरीवर उभं असतं. नोकरी संपली की राहण्याचा परवानाही संपतो. मुलींच्या हातात पदवी असली पाहिजे, हा त्यांचा विचार त्या जमिनीतूनच आलेला होता.

पहिल्या दिवशी एलीने मला उतारावर नेलं तेव्हा मी आधी खाली बघून घेतलं. पार्किंगचा उतार तिथे लहान मुलांच्या घसरगुंडीत धरला असता. पण गेटं रोवलेली होती, लाल आणि निळी, आणि ती मला ओळखीची होती. मी निघाले. स्कीच्या कडा बर्फात रुतत होत्या, प्रत्येक वळणाचा आवाज येत होता, कापड फाडल्यासारखा, लांब आणि स्वच्छ. डांबरावर असा आवाज कधी आला नव्हता. शेवटचं गेट गेलं. मग माझ्या लक्षात आलं, की मला थांबता येत नाही. मी आयुष्यभर गादीत थांबले होते. माणसं बाजूला होत गेली, मी दोरीच्या कुंपणातून पार झाले आणि मनाकीश, म्हणजे तिकडच्या मसाला लावलेल्या रोट्या, भाजणाऱ्या माणसाच्या टेबलापाशी, त्याच्या पिठाच्या पोत्यांवर जाऊन पडले. त्याने मला उठवलं, अंगावरचं पीठ आणि बर्फ सारखंच झटकलं, आणि झाटर, म्हणजे तीळ घातलेला रानपुदिन्यासारखा मसाला, लावलेली एक गरम मनाकीश हातात दिली. एली धापा टाकत आला. तो रागावलेला नव्हता.

"असं वळायला कोणी शिकवलं तुला?"

"तुमच्या बहिणीने."

"आणि थांबायला?"

मी मनाकीशचा घास घेतला. तो बर्फात मटकन बसला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. पुढचे काही दिवस त्याने मला गेटांपाशी फिरकू दिलं नाही. फक्त थांबायचं, दोन्ही स्की उताराला आडव्या करून. निघायचं आणि थांबायचं, डावीकडे, उजवीकडे, हळू, वेगात. रात्री अंथरुणावर पडले की पाय आपोआप आडवे व्हायचे.

एलीच्या घरी त्याची बायको आणि म्हातारी सासू होती. शेगडीवर सतत मसुरीचं सार असायचं, आणि मी शाकाहारी आहे हे कळल्यावर त्या सासूबाईंनी मला आजारी समजून रोज दोन वाट्या जास्त वाढलं. सुट्टी संपत आली तशी एलीने एकदा जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, की पुढचा हिवाळा पूर्ण इथे राहशील का. डिसेंबर ते एप्रिल. शाळेची परीक्षा बाहेरून देता येते. मी म्हणाले, बाबा हो म्हणणार नाहीत. त्याने विचारलं, "तू विचारलंस?" मी विचारलं नव्हतं. मान्य म्हणून बसले होते. फोनवर बाबांशी बोलताना मी हवेबद्दल बोलायचे, जेवणाबद्दल बोलायचे, आणि शेवटी आईला फोन द्या म्हणायचे. आईपाशी मात्र मला वाचा फुटली. मी तिला सगळं सांगितलं. तिने माझं बोलणं पुरं होऊ दिलं, जे तिच्या बाबतीत फारच होतं. मग म्हणाली, "फोनवर नको. आम्ही येतो तुला न्यायला. तुझे बाबा ऐकून मानणारे नाहीत, बघून मानतील."

रिफायनरीतलं मोठं काम नुकतंच संपलं होतं, बाबांची रजा शिल्लक होती, आणि आईने "मला बर्फ बघायचाय" हा हट्ट धरला. ते दोघं आले ते नेमके सुट्टीतल्या शेवटच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी. गावातल्या आणि आसपासच्या क्लबांतल्या मुलींची छोटीशी शर्यत होती ती. दोन फेऱ्या, दोन्हींच्या वेळेची बेरीज. मी बाहेरची, म्हणून माझा नंबर सगळ्यांत शेवटी. आईने साडीवर बाबांचं जुनं जॅकेट घातलं होतं आणि ती बर्फावर पाऊल टाकायच्या आधी दर वेळी खाली वाकून बघायची. बाबा उताराच्या पायथ्याशी, बघणाऱ्यांसाठी लावलेल्या जाळीपाशी उभे राहिले. त्यांनी उताराकडे बराच वेळ बघितलं आणि एवढंच विचारलं, "याच्यावरून?"

पहिली फेरी चांगली गेली. मी मधल्या मुलींमध्ये होते, एलीने वरूनच अंगठा दाखवला. दुसऱ्या फेरीला माझी पाळी आली तोवर सगळ्या मुली जाऊन वाटेत चर पडले होते. अर्ध्यावर, सगळ्यांत खड्या जागी, माझी एक स्की चरात अडकली, मी फेकली गेले आणि एका गेटाच्या खाली जाऊन थांबले. उभी राहिले. कुठे दुखत नव्हतं. पण ते गेट माझ्या वर राहिलं होतं, आणि एक जरी गेट चुकलं तरी शर्यत मोजली जात नाही. अशा वेळी बहुतेक जण कडेने खाली उतरून जातात. स्लॅलममध्ये, म्हणजे आमच्या या जवळजवळच्या गेटांच्या शर्यतीत, मात्र परत वर चढून चुकलेलं गेट घेण्याची मुभा असते, हे एलीने मला सांगितलं होतं.

मी चढायला लागले. स्की आडव्या ठेवून, एकेक पाऊल वर. जड बूट, निसरडा बर्फ. दोन पावलं चढावं आणि एक घसरावं. खालून लाउडस्पीकरवर कोणीतरी काही म्हणालं, लोक हसले, मग थोड्या टाळ्या वाजल्या, मग त्याही थांबल्या, कारण या सगळ्याला फार वेळ लागत होता. खाली माणसं कुंपणाची दोरी गुंडाळायला लागली होती. मला रडू येत होतं, पण रडायला लागले तर डोळ्यांवरच्या गॉगलवर वाफ धरेल म्हणून मी रडले नाही. हे मी धीराची गोष्ट म्हणून सांगत नाही. खरंच तेवढाच विचार डोक्यात होता. गेटाच्या वर पोचले, वळले, ते घेतलं, आणि मग उरलेली सगळी घेत खाली आले. खाली आल्यावर थांबले, व्यवस्थित, एलीने शिकवलं तशी. शर्यत पुरी करणाऱ्यांत माझा नंबर शेवटचा होता आणि माझ्या आधीच्या मुलीत आणि माझ्यात इतकं अंतर होतं, की वेळ सांगणाऱ्याने ती दोनदा तपासली.

बाबा जाळीपाशीच होते. आईने मला जवळ घेतलं आणि कुठे लागलं, कुठे लागलं म्हणत हातपाय चाचपले. मग बाबा बोलले.

"पडलीस ते दिसलं मला. वर कशाला गेलीस?"

"गेट राहिलं होतं."

"पण नंबर तर गेलाच होता."

"हो. पण मग शर्यत मोजत नाहीत."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. पुढे अनेक वर्षांनी, नाशिकच्या घरी निवांत बसलेले असताना मी त्यांना विचारलं, की त्या दिवशी तुमच्या मनात काय होतं. ते म्हणाले, "काही नाही गं. तू चढत होतीस तेव्हा मला वाटत होतं, हिने आता सोडून द्यावं. आणि तू सोडलं असतंस तर मला बरं वाटलं नसतं. एवढंच." आई आतून ओरडली, की हे तेव्हाच सांगायला काय झालं होतं.

माझ्या शर्यतींची पुढची हकीगत मोठी नाही. मी भारताच्या संघातून धावले, कारण पासपोर्ट भारताचा होता आणि तिथे बर्फावर धावणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. मोठ्या स्पर्धांत माझं नाव यादीच्या तळाकडे असायचं. तरी मी ज्या उतारांवर जगातल्या सगळ्यांत वेगवान बायका धावल्या त्याच उतारांवर, त्यांनी पाडलेल्या चरांतून, त्यांच्या मागून धावले, आणि बहुतेक वेळा शेवटपर्यंत पोचले. शेवटी गुडघ्याने नकार दिला. आता मी पुन्हा मंगफलाच राहते, केसांत पांढरं दिसायला लागलंय, आणि शुक्रवारी सकाळी लहान मुलांना चाकांवर वळायला शिकवते. थांबायला आधी शिकवते. एखादी मुलगी चाकं न घासता वळली की मी आईबापांकडे जाते आणि बोलायच्या आधी जरा विचार करते, कारण त्यांच्या घरात पुढे काय काय होईल ते मला माहीत असतं.

त्या दिवशी शर्यतीनंतर आम्ही उताराच्या पायथ्याशी एका छोट्या उपाहारगृहात बसलो. आईने डब्यातून नाशिकचा चिवडा काढून एलीला दिला आणि तो मुठी भरून खात होता. हिवाळाभर राहण्याचा विषय त्यानेच काढला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, परीक्षेचं कसं, राहायचं कुठे, सोबत कोण, असे प्रश्न विचारले आणि चष्मा पुसला. "बघू," ते म्हणाले, आणि उठून बाहेर गेले. आईने माझ्याकडे बघितलं. मी ताटलीकडे बघत बसले. माझ्या मनात बारावीचं गणित सुरू झालं होतं.

बराच वेळ ते आले नाहीत. मग आले ते हातात कागदी पिशवी घेऊन. समोरच्या स्कीच्या दुकानात गेले होते. आईला वाटलं माझ्यासाठी काही आणलं, म्हणून तिने पिशवी माझ्याकडे सरकवली. मी आत हात घातला. चामड्याचे हातमोजे होते, आतून लोकरीचे, चांगले जाड. मी घालून बघितले तर बोटांच्या टोकांशी पुष्कळ जागा उरली.

"मोठे होताहेत, बाबा."

"तुझे नाहीत ते," बाबा म्हणाले, आणि माझ्या हातातून काढून घेऊन त्यांनी ते घातले, मुठी एकदा उघडून-मिटून बघितल्या. "जाळीपाशी फार गार पडतं."